पाहुणा सूर

स्टेशनापासून घरापर्यंतच्या वाळूच्या रस्त्यावर लुडोल्फने धाकट्या भावाकडून शब्द मागितला आणि एवाल्डने तो फारसा विचार न करता दिला.

"बाबा आज नाही म्हणाले, तर तू मध्ये बोलायचंस," लुडोल्फ म्हणाला. "माझं बोलणं त्यांना खटकतं. मी गाणारा, म्हणजे माझा स्वार्थ असणारच. तू यंत्रवाला. यात तुला काही मिळायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे."

"बोलेन."

"नुसतं बोलेन नको. बर्लिनच्या मंडळाला छपाईचे पत्रे देऊन टाका, असं स्पष्ट म्हणायचं."

"म्हणेन रे. मला खरंच तसं वाटतं."

हे खोटं नव्हतं. दोन्ही बाजूंना माळावरच्या हेदरच्या झुडपांचा जांभळा बहर ओसरून तपकिरी झाला होता. मधमाश्यांच्या पोळ्यांच्या गवती टोपल्या घेऊन एक मधपाळ गाडीवानाशी हुज्जत घालत चालला होता. एवाल्ड हानोफरच्या कारखान्यात रेल्वेचे ब्रेक तयार करत असे. कोणतीही गोष्ट किती भार पेलते हे पाहण्याची त्याला सवय जडली होती. युस्टुस वेर्निके यांच्या घराने आता आणखी भार पेलू नये, असं त्याचं सरळ मत होतं. बाबांनी सत्तरी ओलांडली होती. डोळ्यांमागच्या नसाच वाळत चालल्या आहेत, इथे चाकूचं काम नाही, असं डॉक्टरांनी वसंत ऋतूतच सांगितलं होतं. आता बाबांना खिडकी कुठे आहे तेवढं कळे. खिडकीतला माणूस कळत नसे.

आणि अजून एक खंड राहिला होता. बाविसावा आणि शेवटचा.

मेल्शिऑर ब्रोझिंग हे नाव बाबांच्या तरुणपणी वीटेनबोर्नमध्येसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वी इथल्याच चर्चमध्ये मुलांना गाणं शिकवणारा हा माणूस उत्तर जर्मनीतला एक थोर रचनाकार होता, हे बाबांनी एकट्याने सिद्ध केलं. तेही नुसत्या गुणगानाच्या जोरावर नाही. गावोगावच्या चर्चच्या माळ्यांवर चढून त्यांनी उंदरांनी कुरतडलेले सुट्टे कागद गोळा केले. संगीताचा इतिहास म्हणजे थोरांच्या आख्यायिका, असं मानण्याचे ते दिवस. बाबांनी मात्र नगरसभेची इतिवृत्तं, बाप्तिस्म्याच्या नोंदी, ऑर्गनच्या दुरुस्तीचे करार वाचायला घेतले. विद्वानांनी त्यांना आधी हसून घेतलं, पुढे त्यांचीच पद्धत उचलली. प्रकाशक मिळेना, तेव्हा बाबांनी मागच्या अंगणातल्या मधमाश्यांच्या लांबट शेडचा अर्धा भाग रिकामा करून तिथे हातछपाईचं यंत्र बसवलं. उरलेल्या अर्ध्यातल्या मधाच्या पैशातून छपाईचं शिसं-कथिल येऊ लागलं. एकवीस खंड असे निघाले.

"बर्लिनचं संगीत मंडळ सगळंच्या सगळं घेतंय," लुडोल्फ चालता चालता पुन्हा सांगू लागला. "सूर कोरलेले पत्रे, हक्क, शेवटच्या खंडाची छपाई. गावोगावची गायकमंडळं ब्रोझिंग गायला लागतील. फक्त काही टोचरे सूर मऊ करायचे, आजच्या कानांना रुचतील असे. संपादक मी. संध्याकाळच्या गाडीने मला होकार घेऊन परत जायचंय. उद्या ते दुसऱ्या कुणाच्या तरी मागे लागतील."

"आणि ओटिली?"

लुडोल्फने काठीने एक खडा उडवला. "ओटिलीला काय, आई-बाबांबरोबर हानोफरला माझ्या घरी येईल. मुलं आत्या आत्या करतात."

*

ओटिली दारातच उभी होती. चौतिशीची, बाह्या कोपरापर्यंत वळलेल्या, बोटांच्या पेरांत शिशाचा करडेपणा मुरलेला. अंगणातल्या यंत्रासाठीचा प्रत्येक पत्रा गेली पंधरा वर्षं तीच कोरत होती. पाच दातांच्या अवजाराने रेघा ओढायच्या, मग एकेका सुराचा ठसा हातोडीच्या एका ठोक्यात बसवायचा, आणि हे सगळं उजवीकडून डावीकडे, उलटं.

"आले का हानोफरचे सरदार?" ती म्हणाली. "बूट पुसा. आईने जमीन घासलीय."

"तुझे हात बघ आधी," लुडोल्फ म्हणाला.

"माझे हात कामाने काळे आहेत. तुझे दिवसभर पियानोच्या झाकणावर."

"झालं का सुरू?" आतून आईचा आवाज आला. "कॉफी निवतेय. भांडण पोटात काहीतरी पडल्यावर करा."

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली. "पहिला लुडोल्फ. टाच आधी टेकतो. मागे एवाल्ड, पाय नीट उचलत नाही. ब्रेक कसे आहेत रे?"

"लागतात, बाबा."

"तेवढं पुरे. सगळ्या शास्त्रांना इतकं साध्य झालं तर काय हवं!"

टेबलावर कुट्टूच्या पिठाचा केक होता. मधल्या थरात साय, वर लाल आंबट रानफळांचा मुरांबा. पण तो कापलेला नव्हता, आणि इतक्यात कापला जाणारही नव्हता. वेर्निकेंच्या घरातली ही जुनी रीत होती. खंड छापण्याआधी प्रत्येक नव्या पत्र्याचा नमुन्याचा कागद काढून तो घरातल्यांनी टेबलाभोवती बसून गायचा. वरची पट्टी ओटिलीची, त्याखालची आईची, मग लुडोल्फ, आणि तळाला बाबा. डोळ्याला न दिसलेली चूक गळ्यात अडकते, असं बाबा म्हणत. आणि गाणारे सुस्त होऊ नयेत म्हणून ओटिली प्रत्येक वेळी एका ठिकाणी मुद्दाम एक चूक कोरून ठेवी. तिला सगळे पाहुणा म्हणत. पाहुणा कुठे बसलाय हे फक्त तिला माहीत. तीन वेळा गायचं. जो पाहुणा पकडेल, त्याला केकचा पहिला तुकडा. मग ओटिली पत्रा उपडा करून मागून ठोकी, पुढून घासून सपाट करी आणि खरा सूर बसवी.

एवाल्ड या टेबलावर बसत नसे. त्याला सुरातला फरकच कळत नव्हता. नवव्या वर्षी त्याला सांगण्यात आलं होतं की तू नुसते ओठ हलव. दहाव्या वर्षी बाबांनी ओठही हलवू नकोस म्हटलं, कारण शेजारच्याचं लक्ष विचलित होतं. तेव्हापासून त्याची जागा शेगडीजवळच्या बाकावर. ती त्याला सवयीची झाली होती. सुखाची होती असं मात्र म्हणता आलं नसतं.

*

लुडोल्फने सगळं व्यवस्थित मांडलं. तो बोलायला चांगला होता. आई मान डोलवत होती. ओटिली टेबलक्लॉथची एकच घडी पुन्हा पुन्हा सपाट करत होती.

"मऊ करायचे म्हणजे कोणते सूर?" बाबांनी विचारलं.

"थोडे आहेत. उदाहरणार्थ, येशूच्या काट्यांच्या मुकुटाच्या ठिकाणचा."

"तो ब्रोझिंगने लिहिलाय."

"लिहिलाय हो बाबा, पण लोक कान झाकतात!"

"त्यांनी झाकावेत म्हणूनच लिहिलाय. नगरसभेने त्याला बोलावून झापलं होतं. इतिवृत्तात आहे, मी स्वतः वाचलंय. हा सूर श्रोत्यांना टोचतो, असं सभेचं म्हणणं. त्याचं उत्तरही खाली लिहिलंय: काट्यांची गोष्ट आहे, टोचायलाच हवी. त्याच्या चाकरीवर बेतलं होतं, तरी त्याने तो सूर काढला नाही. आता त्याला सुधारायला आपण काय त्याचे मास्तर आहोत?"

"युस्टुस," आई म्हणाली. तिने बोलायचं ठरवूनच ठेवलेलं दिसत होतं. "मी काही सुरांबद्दल बोलत नाही. पण तुला दिसत नाही. माझे गुडघे गेलेत. ओटिली रोज त्या शेडमध्ये गारठते. हे काम कधीतरी कुणाच्या तरी हाती द्यायचंच आहे ना? लुडोल्फ परका नाही."

"आई, तूसुद्धा?" ओटिली म्हणाली.

"मीसुद्धा म्हणजे काय गं? थकायला मला परवानगी नाही का?"

बाबांनी खिडकीच्या उजेडाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. माझे डोळे गेले म्हणून कागद तपासलाच जात नसेल, तर ते काम नव्हे, नुसता हट्ट. तेव्हा असं करू. आज पॅशनचे शेवटचे कागद गायचे आहेत. गुड फ्रायडेचं गाणं, ब्रोझिंगचं सगळ्यात मोठं काम. आज मी कागद हातात घेणार नाही, नुसता खालची पट्टी गाईन. लुडोल्फ, तू आणि आईने पाहुणा पकडलात, तर या घराला माझ्या डोळ्यांची गरज नाही आणि पत्रे इथेच राहतील. नाही पकडलात, तर लुडोल्फ, माझा होकार घेऊन जा. मी कुरकुर करणार नाही. आणि सापडलेला पाहुणा तू मुद्दाम लपवणार नाहीस, हे मला ठाऊक आहे."

"कबूल," लुडोल्फ चटकन म्हणाला, आणि बहिणीकडे वळला. "पण खरा पाहुणा हवा. गेली चार वर्षं बाबांनाच सापडावेत म्हणून तू मैलावरून दिसणारे बसवतेस. कुणाला कळत नाही असं समजू नकोस."

ओटिलीचा चेहरा उतरला. "नमुन्याचे कागद कालच छापून झालेत. आता काही बदलता येत नाही."

"म्हणजे सोपाच आहे."

"नाही," ती म्हणाली. "शेवटचा खंड आहे, म्हणून मनापासून अवघड बसवलाय. मला काय माहीत होतं, त्यावर एवढं ठरणार म्हणून!"

एवाल्डने बाकावरून तिच्याकडे पाहिलं. ती घाबरली होती. लहानपणी तळ्यावरच्या बर्फाला तडा गेला होता तेव्हा ती अशी दिसली होती. आपण रस्त्यात दिलेल्या शब्दाची त्याला पहिल्यांदाच बोच लागली.

*

लुडोल्फने सूरकाटा टेबलाच्या कडेवर आपटून कानाशी धरला आणि सुरुवातीचा सूर गुणगुणला. चौघं गाऊ लागले.

एवाल्डला संगीत कळत नसलं, तरी या चौघांचं गाणं तो आयुष्यभर पाहत आला होता. आई गाताना उजवा अंगठा टेबलावर टेकवी. लुडोल्फच्या भुवया चढत आणि सगळा ताठा गळून जाई. गाताना तो खरोखर देखणा दिसे. बाबांचा आवाज फाटला होता, पण एक अक्षरही न पाहता ते ओळीमागून ओळ गात होते. एकमेकांवर रुसलेली माणसं त्या तेवढ्या वेळात एका श्वासाने चालत होती.

पहिली फेरी संपली. कुणी कुठे अडखळलं नव्हतं.

"दुसऱ्या पानावर, माझ्या ओळीत," आई म्हणाली. "तिथे लुडोल्फला घासून जाते मी. अंगावर काटा येतो."

"ते ब्रोझिंगचंच आहे," बाबा खुलून म्हणाले. "तोच तो काट्यांचा मुकुट. तीस वर्षं ब्रोझिंग गाऊनही काटा येतो, म्हणजे बघ!"

"आणि तोच मंडळाला नकोय," लुडोल्फ पुटपुटला.

दुसऱ्यांदा ते सावकाश गायले. प्रत्येक कडव्याअखेर थांबून कागदाकडे पाहिलं. लुडोल्फने वरच्या पट्टीतल्या एका लांबलेल्या सुरावर बोट ठेवलं. ओटिलीने मान हलवली. आईने खालच्या पट्टीतल्या विरामाची शंका काढली. तीही चुकीची निघाली. डाव्या हाताने ओटिलीने स्वतःचं मनगट धरून ठेवलं होतं.

"तुला घाम फुटलाय," लुडोल्फ म्हणाला. "कुठल्या ओळीला फुटला, तेवढं सांग."

"गप गा."

तिसऱ्यांदा ते असं गायले की रस्त्यावरून जाणारी एक बाई टोपली खाली ठेवून खिडकीशी थांबली. शेवटचा सूर विरला. आईने कागद पालथा ठेवला.

"नाही सापडला," लुडोल्फ म्हणाला. तो जिंकला होता, तरी त्याच्या स्वरात जिंकल्याचा भाव नव्हता. इतक्या वर्षांत त्याच्यादेखत एकही पाहुणा तीन फेऱ्या टिकला नव्हता.

"ओटिली," बाबा म्हणाले. "पाहुणा बसवायला विसरलीस का?"

"नाही, बाबा."

"बसवलायस?"

"बसवलाय." "मला तो तिन्ही वेळा दिसला. आणि तिन्ही वेळा ऐकू आला नाही."

बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर एकेक करून उठली, टेकली, जणू ते सबंध गाणं पुन्हा मोजून पाहत होते. मग ती थांबली.

"म्हणजे तुम्ही चुकीच्या कागदावरून बरोबर गायलात," ते हळूच म्हणाले. "एवाल्ड कुठे आहे?"

"इथेच आहे बाबा. शेगडीपाशी."

"इकडे ये. लुडोल्फचा कागद घे आणि वाच."

"तीन फेऱ्या झाल्या," लुडोल्फ म्हणाला. "नियम तुमचाच आहे."

"तीन वेळा गाऊन झालं. वाचून एकदाही झालेलं नाही. ये, एवाल्ड. नावं वाच सुरांची. येतात ना?"

"नावं येतात. रेघ मोजून सांगता येतं." एवाल्ड टेबलाजवळ आला. कुठे उभं राहावं हे त्याला कळेना. आईने खुर्ची सरकवली. त्याने खिशातली पोलादी पट्टी काढून ओळीखाली ठेवली, नकाशा वाचताना ठेवत असे तशी, आणि वेळापत्रक वाचावं तसा वाचू लागला.

"आ. हा. त्से. डे, हा लांब आहे. त्से. हा."

"पुढे."

पान संपलं, दुसरं लागलं. खिडकीतली बाई टोपली उचलून निघून गेली. एवाल्डच्या वाचनात ऐकण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर तो त्याच कोरड्या आवाजात म्हणाला, "त्से. हा. आ. गे. आ."

"थांब," बाबा म्हणाले. "काय म्हणालास? गे?"

"गे."

"त्याच्या आधी चार रेघांची बारीक जाळी नाही? सूर अर्ध्याने चढवायची खूण?"

एवाल्डने पट्टी सरकवली, वाकून पाहिलं. "नाही, बाबा. तिथे कोरा कागद आहे. असायला हवी होती का?"

ओटिली रडू लागली आणि रडता रडता हसू लागली.

"शक्यच नाही," लुडोल्फने कागद ओढून घेतला. "मी गिस गायलोय. चढवलेला. ऐकला ना तुम्ही सगळ्यांनी?"

"ऐकला," बाबा म्हणाले. "तिन्ही वेळा, अगदी चोख. इतकी वर्षं ब्रोझिंग गाऊन तुला ठाऊक आहे की इथे तो सूर चढवणारच. तुझा गळा कागदाला विचारायला थांबलाच नाही. तू बरोबर गायलास, लुडोल्फ, म्हणूनच चुकलास. आणि आम्हीही तुझ्यासोबत. आपण त्याच्यात इतके मुरलोय, की त्याच्या कागदातली चूक आता आपल्याला ऐकूच येत नाही." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "मला वाटायचं, मी पाहुणे कानाने पकडतो. मी ते डोळ्यांनी पकडत होतो आणि शाबासकी कानाला देत होतो."

*

लुडोल्फ उठला. खुंटीवरचा कोट त्याने अंगात चढवला, पण दाराकडे वळला नाही.

"मग तर प्रश्नच मिटला. पाहुणा आम्हाला सापडला नाही. आणि मागच्या तीन खंडांना तुमचे डोळे अर्धेच मिळालेत, म्हणजे त्यांतही काय काय राहिलं असेल देव जाणे. मंडळाकडे तपासनीस आहेत, ताजे, शिकलेले. त्यांना तपासू द्या." तो धाकट्या भावाकडे वळला. "बोल, एवाल्ड. तू शब्द दिलायस."

आईने चमकून पाहिलं. "कसला शब्द?"

एवाल्ड अजून टेबलाशीच बसला होता. हातातली पट्टी त्याने खाली ठेवली.

"पत्रे देऊन टाका, असं म्हणायचा शब्द मी दिला होता," तो म्हणाला. "लुडोल्फची चूक नाही. मला तसंच वाटत होतं. घराने फार ओझं वाहिलं, असं वाटत होतं."

"होतं म्हणजे?" लुडोल्फ म्हणाला.

"आमच्या कारखान्यात मापाचा गज असतो. तो रोज वापरून झिजतो. झिजलेल्या गजाने मापलं तर सगळं बरोबरच निघतं, कारण गज कामासारखाच होऊन जातो. म्हणून आम्ही एक गज कधीच न वापरता पेटीत ठेवतो." त्याला इतकं लांब बोलायची सवय नव्हती, कानशिलं तापली. "मंडळाचे लोक शिकलेले आहेत, पण त्यांनी आधीच ठरवलंय की गोड काय लागतं. जिथे गे गोड लागेल तिथे ते गे छापतील, ब्रोझिंगने काहीही लिहिलेलं असो. मला गोड काय लागतं ते कळतच नाही. माझ्या कानाचा काही उपयोग कधी होईल असं मला वाटलं नव्हतं. रविवारी मी येऊ शकतो. दर रविवारी येईन."

"शब्द फिरवतोस."

"हो, फिरवतो. तुझ्या तोंडावर फिरवतो, मागून नाही."

बाबा आईच्या बाजूला कान देऊन होते. हे एवाल्डला उमगलं आणि त्याचं त्याला नवल वाटलं. शेवटचा निर्णय बाबांचा असतो, असं तो जन्मभर धरून चालला होता.

आईने सुरी घेतली, केक कापला आणि पहिला तुकडा एवाल्डपुढे ठेवला. "लुडोल्फ, मला हानोफरला यायचं होतं. अजूनही यायचंय. नातवंडांची ओढ काय मला नाही? पण मागच्या तीन खंडांत चुका असतील, हे युस्टुसला एकदा कळलं आणि मी याला तुझ्या दिवाणखान्यात नेऊन बसवलं, तर हा मला झोपू देईल का? फेऱ्या मारील. मलाही उठवील. त्यापेक्षा माझे गुडघे इथेच दुखू देत." तिने सुरी पुसली. "मंडळाला नाही म्हणून कळव."

"मी नाही कळवणार," लुडोल्फ म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "तुम्ही कळवा. तीस वर्षं मी माझे रविवार इथे ओतले. आता एवाल्ड खुर्चीत, ओटिली पत्र्यावर, बाबा बाबा आहेत. मी या घरात कोण? गळा. आणि आज गळाही नको म्हणताय."

बाबांनी हात पुढे केला, पण तो हवेतच राहिला. लुडोल्फ उभा होता त्याच्या थोडा बाजूला तो हात गेला होता.

"एवाल्ड छापलेलं वाचेल," बाबा म्हणाले. "पण ते ताडून कशाशी पाहायचं? माझ्या आठवणीशी? माझी आठवण म्हणजे तुझ्याच गळ्याची थोरली बहीण. तीही बरोबरच गाईल. ताडायचं मूळ कागदाशी. आणि ब्रोझिंगचं अक्षर माझ्यामागे या देशात एकालाच वाचता येतं. मंडळाच्या त्या शिकलेल्यांपैकी एकालाही येत नाही. तुला ठाऊक आहे, आणि मीच ते तुला आजवर कधी बोलून दाखवलं नाही."

"गाडी सहाला आहे," लुडोल्फ म्हणाला.

"मग निघ. चांगला जा."

ओटिली शेडमधून पत्रा घेऊन आली. हा पाहुणा काढायला मागून ठोकायचं कामच नव्हतं. मोकळ्या जागेत एक ठसा हवा होता. तिने पत्रा पोत्यावर ठेवला, जाळीचा ठसा टेकवला आणि हातोडीचा एकच ठोका दिला. मग कपाटातून एकोणिसावा खंड आणि त्याच्या मूळ कागदांचं बासन काढून टेबलावर ठेवलं. बासन कुणीच सोडलं नाही. एवाल्डने खंड उघडला, पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली आणि एका बाजूने वाचायला लागला.

"डे. डे. फा... नाही, एफ. ए. डे लांब. यावर बारीक शेपटी आहे. ही खूण आहे का?"

"मला कसं दिसणार?" बाबा म्हणाले.

"शेपटी मूळ कागदात हवी की नको, हे मला कुठून कळणार?" एवाल्डने विचारलं. त्याने तो प्रश्न कुणालाही उद्देशून केला नव्हता.

बासनाची गाठ सुटल्याचा आवाज आला. लुडोल्फ कोट न काढताच आईच्या खुर्चीमागून वाकला होता. पिवळा, कडा खाल्लेला कागद त्याने उजेडाकडे धरला. "शेपटी नाही ती. ब्रोझिंगची लेखणी फाटली होती त्या वर्षी. सगळीकडे अशीच शाई उडालीय. ओटिली, तू डाग कोरलायस."

"डाग?" ओटिली म्हणाली. "बघू! मी डागाला ठसा मारला?"

"आणि चौघं तो डाग गायलो," आई म्हणाली.

लुडोल्फ खुर्चीच्या कडेवर बसला. कोटाची टोकं जमिनीवर लोळत होती. "एवाल्ड, तू छापलेलं वाच. मी मूळ वाचतो. एकेक सूर. घाई नको."

"डे," एवाल्ड म्हणाला.

"डे," लुडोल्फ म्हणाला.

"एफ."

"एफ."

पुढच्या ओळीवर लुडोल्फच्या भुवया आपसूक चढल्या, श्वास भरला गेला आणि नाव उच्चारता उच्चारता तो सूर बनून गळ्यातून बाहेर पडला, भरीव, सुंदर.

बाबांनी खुर्चीच्या हातावर टिचकी मारली. "गाऊ नकोस, लुडोल्फ. एवाल्डसारखं वाच."